दात कशाने घासतेस?

मुलगा येतो तेव्हा रिक्षा भरून माणसं येतात. पुढे रिक्षावाल्याला खेटून मामा, मागे आई-वडील, त्यांच्या मधे दाबून बसवलेला तो, आणि मागून मोटरसायकलवर दोन मित्र. या मित्रांपैकी एकाच्या खिशात, ज्या व्यसनासाठी मुलाला आणलंय त्याचीच पुडी सापडायची शक्यता बरीच असते. दारात पोचल्यावर सगळे एकदम बोलायला लागतात. वडील आवाज चढवतात, आई पदर डोळ्यांना लावते, मामा सांगतो, ‘‘आमच्या खानदानात कुणी सुपारीचं खांडसुद्धा खात नाही,’’ आणि सांगता सांगता तोंडातला तंबाखूचा बार या गालातून त्या गालात सरकवतो.

मुलगी येते तेव्हा तिच्याबरोबर एकच बाई असते. वेळ बहुधा ओपीडी संपल्यानंतरची, दिवेलागणीची. एक बाई तर चपला बाहेर न काढता हातात घेऊनच आत आली. मला वाटलं, चोरीची भीती. नंतर म्हणाली, ‘‘गल्लीतलं कुणी इथनं गेलं तर चपला ओळखंल.’’ नाव विचारलं तर शेजारणीचं सांगितलं. मुलीशी नातं काय, तर मावशी. अर्ध्या तासाने कंटाळलेली ती पंधरा वर्षांची मुलगी म्हणाली, ‘‘आई, चल ना आता,’’ आणि त्या बाईने माझ्याकडे असं पाहिलं की मी केसपेपरवर ‘मावशी’ तसंच राहू दिलं.

एमएसडब्ल्यू करून मी २००२ साली पुण्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून लागले. केंद्राचं नाव सांगत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात आमच्या चुका बऱ्याच आहेत, आणि त्यातली सगळ्यात मोठी माझ्या एकटीची आहे. पेशंट सगळे पुरुष. बायका यायच्या त्या पेशंटच्या बायको म्हणून, आई म्हणून. दर आठवड्याला त्यांची सभा भरायची आणि तिथे चहाबरोबर रडणं व्हायचं. बाईलाही व्यसन असू शकतं हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि तिच्यासाठी पलंग असणं वेगळं. पुण्यातच डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचटांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं, आणि त्यांच्याकडे स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग उभा राहिला तो २००९ साली. त्यांनी निदान उभा केला. बाकीच्यांकडे बाई पेशंट आली की आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो. आणि चौदा-पंधरा वर्षांची मुलगी आली तर तिला ठेवायचं कुठे, हा प्रश्न आजही बहुतेक ठिकाणी तसाच पडतो.

आमचा केसपेपर चार पानी होता. पहिल्यांदा कधी घेतली? कोणाबरोबर? रोज किती? पैसे कुठून आणता? कामावर खाडे किती? मारामाऱ्या? पोलीस केस? कोणीतरी अनुभवी माणसाने तो फार विचार करून तयार केला होता आणि पुरुषाला तो बेतून शिवल्यासारखा बसायचा. सोळा वर्षांच्या मुलालाही बसायचा; कामाच्या जागी कॉलेज लिहिलं की झालं. मुलगी समोर आली की मात्र रकाने एकेक करून रिकामे जायचे. पैसे? चोरत नाही. मारामारी? नाही. पोलीस? नाही. कोणाबरोबर? कोणाबरोबर नाही, घरीच. शेवटी पेपर इतका कोरा दिसायचा की वाटायचं, हिला फारसं काही नाहीच. आमच्या तेव्हाच्या डॉक्टरांनी दोन-तीन मुलींना टॉनिक लिहून देऊन घरी पाठवल्याचं मला आठवतं.

२०१९ साली केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाचा आणि दिल्लीच्या एम्सचा देशभराचा मोठा अहवाल आला. त्यात दारू पिणाऱ्यांचं प्रमाण पुरुषांत २७.३ टक्के आणि स्त्रियांत १.६ टक्के, म्हणजे सतरा पुरुषांमागे एक बाई. आमच्या स्टाफ मीटिंगमध्ये हा आकडा वाचला गेला तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. आपल्याकडे मुली येत नाहीत, कारण मुळात त्या नाहीतच. मीही मान हलवली. आकडा खोटा आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. दारू हा आपल्याकडे पुरुषांचाच मामला आहे. पण मला तोवर मिश्री भेटलेली होती, आणि ती माझ्या डोक्यातून जात नव्हती.

ती भेट अशी झाली. पर्वतीच्या पायथ्याच्या बाजूला एका वस्तीजवळच्या शाळेत आठवी-नववीच्या मुलींसाठी माझं सत्र होतं. मी फळ्यावर फुप्फुसाचं चित्र काढलं, कॅन्सरचे फोटो दाखवले, मुलींनी ‘ईऽऽ’ केलं. मग विचारलं, ‘‘तुमच्यापैकी कोणी तंबाखू खातं का?’’ पन्नास मुली एका सुरात, ‘‘नाही बाईऽऽ.’’ मी समाधानाने खडू ठेवला. दाराशी शाळेतल्या मावशी झाडू घेऊन उभ्या होत्या. मी बाहेर आले तशा हळूच म्हणाल्या, ‘‘बाई, असं इचारल्यावर कोण सांगनार? दात कशानं घासता ते इचारा.’’

मी परत आत गेले आणि विचारलं. पेस्ट म्हणणाऱ्या मुलींचे हात मोठ्या दिमाखात वर गेले. मग राखुंडीवाल्या. आणि मग मागच्या तीन बाकांवरून, एकमेकींकडे बघत, हसू दाबत, दहा-बारा हात हळूहळू वर आले. मिश्री.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, ती चुरायची, चाळायची आणि डबीत भरायची. भाजताना असा ठसका उठतो की शेजारच्या दोन घरांना कळतं. सकाळी उठल्यावर आणि पुढे दिवसातून तीनदा, चारदा, आठदा चिमूटभर बोटावर घेऊन ती दातांना, हिरड्यांना चोळायची आणि उंबऱ्याशी किंवा मोरीशी उकिडवं बसून राहायचं. थुंकी जमते, डोकं हलकं होतं, पोट साफ होतं, भूक मरते. ही शेवटची गोष्ट मला एका बाईने फार साधेपणाने समजावली होती: सकाळी धुण्याभांड्याची सहा घरं करायची तर अकरापर्यंत पोटाने गप्प बसायला हवं. मिश्री पोटाला गप्प बसवते. आईच्या हातात डबी असते, लेक शेजारी बसलेली असते, आठव्या-नवव्या वर्षी तिच्या बोटावरही चिमूट येते. ‘‘दाढ दुखतीय ना, लाव जराशी.’’ याला सुरुवात म्हणायची की नाही? आमच्या केसपेपरवर ‘पहिल्यांदा कोणाबरोबर’ या प्रश्नाच्या उत्तराला ‘मित्र, भाऊ, एकटा, इतर’ असे चार चौकोन होते. आई नव्हती.

मिश्रीवर वैद्यकीय काम झालेलं नाही असंही नाही. २००४ साली मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. न ओढण्याच्या तंबाखूचा वापर करणाऱ्या बायका त्यात बहुतेक मिश्रीवाल्याच होत्या, आणि त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं होतं. पण आमच्या रोजच्या बोलण्यात मिश्री ‘व्यसना’च्या खात्यात जमा नव्हती. बापाची तंबाखू म्हणजे व्यसन, आईची मिश्री म्हणजे मंजन. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी आली तेव्हा आम्ही शाळाशाळांतून गुटख्याच्या पुड्यांच्या होळ्या केल्या. मुलगे खिशातल्या पुड्या टाकायला पुढे आले, टाळ्या झाल्या, पेपरात फोटो आला. मुली मागे रांगेत उभ्या होत्या. त्यांच्याकडे टाकायला पुडी नव्हती. घरच्या फडताळातली डबी कोणी आणायला सांगितली नव्हती.

तो दारूचा अहवाल आला त्याच वर्षी, २०१९ साली, जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने देशातल्या शाळांत तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींची तंबाखूची पाहणी झाली. मुलगे ९.६ टक्के, मुली ७.४ टक्के. मी आकडा दोनदा वाचला. याच देशात मोठ्या माणसांच्या २०१६-१७ च्या पाहणीत पुरुष ४२.४ आणि स्त्रिया १४.२ टक्के होत्या, म्हणजे तिपटीचं अंतर. शाळेच्या बाकावर मात्र ते अंतर दोन टक्क्यांवर आलेलं. यामागे बरंच काही असेल. दोन्ही पाहण्यांची पद्धत निराळी, वयं निराळी. पण मला एक गोष्ट लगेच खटकली. शाळेत मुलगी कागद स्वतः भरते, नाव न लिहिता, आणि बाजूला वडील नसतात. घरी पाहणीवाला येतो तेव्हा तिच्या मागे सासू उभी असते. त्यामुळे ‘मुली कमी’ असं कुठेही वाचलं की मी आधी विचारते, प्रश्न विचारताना खोलीत कोण कोण होतं?

त्यानंतर मी शाळेत हात वर करायला सांगणं बंद केलं. बुटाच्या खोक्याला भोक पाडलं आणि चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या; मुलांचं खोकं वेगळं, मुलींचं वेगळं. या दोन खोक्यांनी मला जे शिकवलं ते एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं. मुलांच्या चिठ्ठ्या व्यवहारी. ‘बिअर प्यायल्यावर वास किती तास येतो?’ ‘गांजा नैसर्गिक आहे तर वाईट कसा?’ ‘मावा आणि गुटख्यात जास्त डेंजर काय?’ ‘मित्राला नाही म्हटलं तर तो बायल्या म्हणतो, मग काय म्हणायचं?’ हा शेवटचा प्रश्न दर शाळेत, दर खोक्यात, निरनिराळ्या अक्षरांत असायचाच. मुलींच्या चिठ्ठ्यांत पहिल्या दहा दुसऱ्यांविषयी. ‘पप्पा रोज पितात, त्यांना न सांगता औषध देता येतं का?’ ‘दादाच्या कपाटात पांढरी पावडर सापडली, मी काय करू?’ स्वतःविषयी असेल तर ते व्यसनाच्या भाषेत नसायचंच. ‘पाळीत दुखतं म्हणून गोळी घेते, आता रोज घ्यावीशी वाटते.’ ‘आजीची झोपेची अर्धी गोळी घेतली तर चालते का?’ ‘खोकल्याचं औषध खोकला नसताना घेतलं तर?’ आणि एकदा, कंपासच्या टोकाने कोरल्यासारख्या अक्षरात: ‘मिश्री लावल्यावर डोकं शांत होतं. हे पाप आहे का?’

मुलगा विचारतो, पकडलो जाईन का? मुलगी विचारते, हे पाप आहे का? इतकं सरळ दोन भागांत सगळं पडत नाही, हे मलाही कळतं. पकडलं जाण्याच्या भीतीने अर्धमेल्या झालेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि पापाच्या ओझ्याने रडणारे मुलगे तर कित्येक. पण खोकी उघडताना हा फरक दर वेळी समोर यायचा, आणि तो मी नाकारला तर खोटं बोलले असं होईल.

इथे मुलांची बाजू सांगायला हवी, नाहीतर हे लिखाण एकाच कुशीवर झोपेल. मुलाचं व्यसन दिसतं, मुलगा दिसतो असं नाही. दहावी नापास झालेला एक मुलगा आमच्याकडे ब्राऊन शुगरसाठी तीनदा भरती झाला. पन्नीवर ओढायचा. टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरची तडफड, सुरू झाली की पाय आपटायचा, उलट्या, नाकातून पाणी. आम्ही घड्याळ लावून ते दिवस काढायचो. तिन्ही वेळा मी त्याच्याशी बोलले ते किती ओढतोस, कुठून आणतोस, पैसे कसे जमवतोस, याविषयी. तिसऱ्या खेपेला भरतीच्या सोळाव्या दिवशी संध्याकाळी तो स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता आणि मी नुसती जवळ बसले होते, तेव्हा त्याने सांगितलं की ज्या वर्षी आई गेली त्या वर्षी तो सातवीत होता. सगळे नातेवाईक आले होते, बहिणीला सगळ्यांनी कुशीत घेतलं होतं. त्याला काका म्हणाले, ‘‘तू पुरुषमाणूस आहेस, तू रडायचं नाही, पप्पांकडे बघ.’’ तेराव्याला मंडळातल्या मोठ्या मुलांनी त्याला मंडपामागे नेऊन क्वार्टरमधला घोट दिला. ‘‘ते बी प्रेमानंच देत हुते, मॅडम,’’ तो म्हणाला. बटाटा सोलून झाला तरी सुरी फिरवत राहिला.

त्याच्या केसपेपरवर ‘सुरुवातीचे कारण’ या रकान्यात मी स्वतःच्या हाताने ‘संगत’ असं लिहिलेलं होतं. आमच्याकडच्या निम्म्याअधिक मुलांच्या पेपरवर तेच लिहिलेलं असायचं. संगत! जणू घरात सगळं आलबेल होतं आणि बाहेरून कोणी येऊन त्याला बिघडवून गेलं.

पुणे स्टेशनवर काही वर्षं आमची एक टोळी संध्याकाळी जायची. पंक्चरचं सोल्युशन नाहीतर व्हाईटनर फडक्यावर ओतून हुंगणारी नऊ-दहा ते पंधरा वर्षांची मुलं. मघाच्याच राष्ट्रीय अहवालात हुंगायच्या पदार्थांचा प्रकार असा एकमेव आहे, ज्यात मोठ्यांपेक्षा मुलांचं प्रमाण जास्त आहे: लहान मुलं १.१७ टक्के, मोठी माणसं ०.५८ टक्के. मुलगे आम्हाला ओळखायचे, ‘‘बिस्किटवाल्या मॅडम आल्या’’ म्हणून ओरडायचे. मुली फार कमी दिसायच्या. मी रेल्वे पोलिसांतल्या एका बाईंना विचारलं, मुली कमी पळून येतात का? त्या म्हणाल्या, ‘‘येतात की. पण स्टेशनवर मुलगा वर्षभर राहतो. मुलगी आठवडाभर राहिली तर खूप झालं. कोणीतरी घेऊन जातं.’’ कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मोठ्या वयाच्या, म्हणजे सोळा-सतराच्या मुलींत वाट बहुतेक वेळा दोनच. एक घरातली, गोळ्यांची. दुसरी मित्राच्या हाताची. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, २०१५ च्या फेब्रुवारीत अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, पण त्याआधीच ते मुंबईतून आमच्याकडे उतरलं होतं. मुलांना ते ‘रात्रभर झोप येत नाही, पार्टीला भारी’ म्हणून विकलं जायचं. मुलींना तीच पावडर ‘भूक लागत नाही, महिन्यात बारीक होशील’ म्हणून. विकणाऱ्याला आमच्यापेक्षा माणसाची पारख जास्त होती असं म्हणावं लागेल. फुकट मिळत राहायची तोवर मुलीला खर्चाचा पत्ता नसायचा, आणि फुकट मिळायची बंद झाली की तिच्याकडून किंमत काय मागितली जायची, हे सांगायला नको. म्हणून ‘पैसे कुठून आणता’ या प्रश्नाला ‘आणत नाही’ असं खरं उत्तर देणारी मुलगी त्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ असायची.

शरीराचंही आहे. तेवढीच दारू बाईच्या रक्तात जास्त चढते. शरीरात पाण्याचा वाटा कमी असतो, हे डॉक्टर सांगतात. पहिल्या घोटापासून पुरतं अडकेपर्यंतचं अंतर बायकांत लवकर कापलं जातं, हेही बऱ्याच अभ्यासांतून पुढे आलं आहे. म्हणजे उशिरा सुरुवात, लवकर घसरण, आणि मदतीला पोचणं सगळ्यात शेवटी. पण मला रोज दिसायचा तो फरक शरीरातला नव्हता. मुलाच्या व्यसनाला आपल्याकडे ‘नाद’ म्हणतात. नादाला लागला, वाया गेला, वळणावर येईल. मुलीच्या व्यसनाला तसा शब्दच नाही. तिच्या बाबतीत लोक एकदम शेवटच्या शब्दावर जातात, आणि तो शब्द दारूविषयीचा नसतोच.

आता माझ्या चुकीविषयी. २००८ च्या सुमाराची गोष्ट. अकरावीतली मुलगी, हुशार, खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या रोज. स्वतःहून आली होती, एकटी, कॉलेजच्या दप्तरासकट. चार वेळा आली, बाटली अर्ध्यावर आणली होती. आमच्याकडे नियम होता, आणि तो चांगला नियम आहे असं मी शिकले होते, की कुटुंबाला सामील करून घेतल्याशिवाय उपचार टिकत नाही. मुलांच्या बाबतीत मी तो शेकडो वेळा पाळला होता. तिला म्हटलं, वडिलांना बोलावू. ती म्हणाली, ‘‘मॅडम, नको.’’ मी म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेव. वडील आले, शांतपणे ऐकलं, ‘‘बरं झालं सांगितलंत, उपकार झाले,’’ म्हणाले, माझ्या पाया पडायला वाकले. पाचव्या भेटीला ती आली नाही. सहाव्यालाही नाही. दीड महिन्याने तिची मैत्रीण सांगायला आली: कॉलेज बंद, नगरकडच्या एका गावात लग्न. मुलीचं वय सतरा. मैत्रिणीने मला एकच गोष्ट विचारली, ‘‘तुम्ही का सांगितलंत?’’

कुटुंबाला सामील करून घेणं हा मुलासाठी उपचार होता. मुलीसाठी ती शिक्षा ठरली, आणि हे मला आधी कळायला हवं होतं, कारण मी स्वतः याच समाजात मुलगी म्हणून वाढले आहे. लग्न हे औषध आपल्याकडे दोघांनाही देतात. मुलाचं लग्न करतात तो सुधारावा म्हणून; मुलीचं करतात ते कुणाला कळू नये म्हणून. आणि गंमत, म्हणजे गंमत नव्हेच, अशी की सुधारायला म्हणून ज्याचं लग्न लावलं त्याची सतरा-अठरा वर्षांची बायको वर्षभरात आमच्या आठवड्याच्या सभेत येऊन बसायची. त्या सभेत मी एकदा डोळे वर करून पाहिलं तर समोरच्या रांगेतल्या तिघीजणी वयाने माझ्या शाळेच्या सत्रातल्या मुलींएवढ्या होत्या.

त्यानंतर मी मुलीला पहिल्याच भेटीत सांगते: घरी कोणाला सांगायचं, कधी सांगायचं, ते तू ठरवायचंस. जीव धोक्यात असेल तर मात्र मी गप्प बसणार नाही. आणि २०१२ च्या पोक्सो कायद्यानंतर हेही आधीच सांगते की तुझ्यावर कोणी अत्याचार केल्याचं तू मला सांगितलंस तर मला ते पोलिसांना कळवावंच लागेल, म्हणून काय सांगायचं ते समजून सांग. एका सहकाऱ्याला हे पटत नाही. असं सांगितल्यावर मुलगी बोलणारच नाही, असं त्यांचं म्हणणं. काही जणी खरंच बोलत नाहीत. पण फसवून बोलतं करण्याचा परिणाम मी एकदा पाहिला आहे.

केसपेपरही मी बदलला, म्हणजे बदलून घेतला. मीटिंगमध्ये यावर दोन तास भांडण झालं. ‘रोज किती’च्या आधी ‘झोप लागते का’ आलं. ‘पोलीस केस’च्या वर ‘दुखलं की काय घेता’ आलं. ‘पहिल्यांदा कोणाबरोबर’ याखाली पाचवा चौकोन आला. एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, ‘‘बाईंनी व्यसनमुक्तीचा पेपर बदलून स्त्रीरोगाचा केला.’’ सगळे हसले. गंमत बघा, मुलांच्याच पेपरवर नव्या प्रश्नांची उत्तरं जास्त भरून यायला लागली. झोप लागते का, या प्रश्नावर सतरा वर्षांचे दांडगे मुलगे हुंदके द्यायचे. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता.

गेल्या पावसाळ्यात पर्वतीजवळच्या त्याच वस्तीतून एक बाई चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. दिवसा, ओपीडीच्या वेळेत. चपला दाराबाहेर काढल्या. शाळेतल्या बाईंनी पाठवलं होतं. मुलीच्या तोंडात आतून पांढरा चट्टा दिसला होता. मुलगी खुर्चीच्या काठावर बसली. मी विचारलं, दात कशाने घासतेस? तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, ‘‘सांग की. मी हाय ना.’’

मुलीचा पेपर भरायला वीस मिनिटं लागली. पाचव्या चौकोनाशी आल्यावर मी पेन थांबवलं, तर त्या बाईने कमरेची पिशवी सोडून एक डबी काढली, औषधाच्या मलमाची जुनी, झाकण वाकडं झालेली, आणि टेबलावर ठेवली. खोलीभर भाजक्या तंबाखूचा वास पसरला.

‘‘माझा बी लिवा,’’ ती म्हणाली.

मी दुसरा पेपर काढला. नाव लिहिलं, या वेळी खरं. वय, पत्ता. मग विचारलं, कधीपासून? ती बोटं मोडत हिशेब करायला लागली, लग्न, पहिलं बाळंतपण, त्याच्या आधी मामाच्या गावाला होते तेव्हा. मुलगी आता आईकडे टक लावून बघत होती.

‘‘शाळा सुटली ना माझी,’’ ती म्हणाली, ‘‘त्याच्या पैल्या दिवाळीला.’’

‘‘कितवीत होतात?’’

‘‘पाचवी.’’

मी रकान्यात अकरा लिहिलं.